व्हिडिओ छान होता, पण गणित सुटलं नाही

ऑनलाइन शिक्षणाबद्दल काहीही विचारा असं मागच्या वेळी म्हटलं होतं, तर तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओबद्दलच विचारलंत. परीक्षा, फी, हजेरी असलं काही नाही, फक्त रेकॉर्डेड ट्युटोरियल. अर्धी पत्रं शिकवणाऱ्यांची, अर्धी शिकणाऱ्यांची, आणि दोघांचीही तक्रार समोरच्याला आपलं कळत नाही हीच. जमतील तेवढी घेतलीत.

प्रश्न : मी पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो, कोर्स पूर्ण ऑनलाइन आहे. प्रत्येक टॉपिकला मी सोडवलेल्या उदाहरणांचा व्हिडिओ टाकतो. सेमिस्टरच्या शेवटी फीडबॅक आला, पाचपैकी साडेचारच्या वर, "सर खूप सोपं करून सांगितलंत", "सगळं क्लिअर झालं" वगैरे. मन भरून आलं. नंतर पेपर तपासले तर तीच उदाहरणं थोडी फिरवून दिलेली बहुतेकांना जमलीच नाहीत. मग ती मुलं खोटं बोलली का?

नाही हो सर, खोटं कोणी बोललं नाही. त्यांना व्हिडिओ बघताना खरंच सगळं कळत होतं. प्रॉब्लेम असा की "कळतंय असं वाटणं" आणि "येणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हिडिओ पहिली गोष्ट फार स्वस्तात देतो.

यावर एक प्रयोग आहे जो मला भयंकर आवडतो. 2013 मध्ये शाना कारपेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांना जेमतेम मिनिटभराचा व्हिडिओ दाखवला, विषय काय तर तिरंगी मांजरं जवळजवळ नेहमी मादीच का असतात. स्क्रिप्ट शब्दन्‌शब्द तीच, बोलणारी व्यक्तीही तीच, पण एका व्हिडिओत ती ताठ उभी, नजरेला नजर देऊन, न अडखळता बोलते आणि दुसऱ्यात वाकून, कागदात बघत, अडखळत वाचते. मग मुलांना विचारलं की थोड्या वेळाने तुम्हाला यातलं किती आठवेल. छान बोलणारीचा व्हिडिओ बघितलेल्यांनी भरपूर आठवेल म्हणून सांगितलं, दुसऱ्या गटाने कमी सांगितलं. परीक्षा घेतली तर दोन्ही गट जवळपास सारखेच. म्हणजे सफाईदार बोलण्याने वाढला तो फक्त आत्मविश्वास, शिकणं होतं तिथेच राहिलं.

याच्याही पुढची गोष्ट डेरेक म्युलर यांच्या संशोधनात दिसते. हे पुढे यूट्यूबवरच्या व्हेरिटॅसियम या विज्ञानाच्या चॅनलमुळे सगळ्यांना माहीत झाले, पण 2008 मध्ये सिडनी विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली ती फिजिक्सच्या व्हिडिओंवर. एका प्रकारच्या व्हिडिओत संकल्पना सरळ, स्वच्छ समजावलेली. दुसऱ्या प्रकारात आधी लोकांच्या डोक्यात असलेले चुकीचे समज बोलून दाखवलेले आणि मग ते कसे चुकीचे ते सांगितलेलं. पहिल्याला मुलं म्हणाली सोपा आहे, क्लिअर आहे, आणि मार्क मात्र जिथे होते तिथेच. दुसऱ्याला म्हणाली गोंधळात पाडतो, आणि मार्क वाढले ते यांचेच! कारण स्वच्छ व्हिडिओ बघताना मुलांना वाटत होतं की हे तर आपल्याला आधीपासून येतंच, त्यामुळे नीट लक्षच गेलं नाही, आणि डोक्यातला चुकीचा समज जागचा हलला नाही.

तेव्हा तुमचा साडेचार हा मुलांना बरं वाटलं याचा पुरावा आहे, आणि तोही काही कमी नाही, ज्याला बरं वाटत नाही तो ऑनलाइन कोर्स मधेच सोडतो. पण त्यातून शिकवणं पोचलं की नाही ते काढायला जाऊ नका. उटल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये आधीच्या पुष्कळ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा मुलांनी शिक्षकाला दिलेले मार्क आणि मुलं प्रत्यक्षात किती शिकली याचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. हे वाचून काही प्राध्यापक खूश होतात की चला, आता फीडबॅक बघायचीच गरज नाही. तसंही नाहीये.

मुलांना काही गोष्टी तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात, त्या विचारा. आवाज नीट येत होता का, मोबाइलच्या स्क्रीनवर टेबलातले आकडे वाचता आले का, असाइनमेंट करताना हवा तो भाग पटकन सापडला का, कुठल्या जागी थांबून तीनतीनदा मागे जावं लागलं, कुठली पायरी तुम्ही "हे तर उघडच आहे" म्हणून उडवलीत. यातली उत्तरं सोन्यासारखी असतात. आणि "समजलं का?" हा प्रश्न फॉर्ममधून काढूनच टाका, त्याच्या जागी व्हिडिओखाली एक छोटं, आकडे नव्हे, परिस्थिती बदललेलं उदाहरण द्या. शक्य असेल तर फॉर्म सेमिस्टरच्या मध्यावर पाठवा म्हणजे भरणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो, शेवटी पाठवलेला फॉर्म मुलं निरोपाच्या भाषणासारखा भरतात.

प्रश्न : ताई, मी प्रोग्रामिंगचा ऑनलाइन कोर्स करतेय. मॅमचे व्हिडिओ बघत बघत कोड लिहिते तेव्हा सगळं येतं, रन पण होतं. पण असाइनमेंटला कोरी स्क्रीन समोर आली की पहिली ओळ सुचत नाही. मग परत व्हिडिओ बघते. एकेक व्हिडिओ चारपाच वेळा झालाय. मी ढ आहे का? बाकीच्यांना तर जमतं असं ग्रुपवर दिसतं.

ढ नाहीस गं. आणि ग्रुपवर ज्यांना जमत नाही ती मुलं लिहीत नाहीत, हे आधी लक्षात घे.

व्हिडिओ परत परत बघण्याने नेमकं काय होतं हे कार्डास आणि ओब्रायन या दोघांनी 2018 मध्ये तपासलं. टेबलावरची भांडी न हलवता खालचं टेबलक्लॉथ ओढून काढायची ट्रिक असते ना, तिचा व्हिडिओ काहींना एकदा आणि काहींना वीस वेळा दाखवला. वीस वेळा बघणाऱ्यांना आपल्याला हे जमेल अशी खात्री खूप जास्त वाटत होती. मूनवॉक, डार्ट अशा गोष्टींवरही हे करून बघितलं, आणि प्रत्यक्ष करायला लावलं तेव्हा जास्त वेळा बघणारे काही सरस ठरले नाहीत. डोळ्यांना सवय झाली, हाताला नाही.

तुझ्या बाबतीत अजून एक गंमत आहे. मॅमबरोबर टाइप करतेस तेव्हा पुढे काय करायचं हा निर्णय मॅम घेतात, तू फक्त बटणं दाबतेस. असाइनमेंटमध्ये अवघड असतो तो तोच निर्णय. फंक्शन कुठे लिहायचं, लूप लागेल की नाही, आधी काय आणि नंतर काय. त्याची प्रॅक्टिस तुला एकदाही मिळालेली नाहीये, म्हणून कोरी स्क्रीन.

आता असं कर. व्हिडिओत मॅम प्रश्न सांगतील तिथेच पॉज. उत्तर चुकलं तरी चालेल पण पुढच्या दोनतीन ओळी स्वतः लिही, मग प्ले करून बघ मॅमनी काय केलं. वेगळं केलं असेल तर का वेगळं ते स्वतःला सांगायचं, इथे खरं शिकणं होतं. व्हिडिओ संपला की बंद कर, खिडकीच बंद कर, आणि तोच प्रोग्राम आठवून पहिल्यापासून लिही. अडलीस तर फक्त अडलेला तुकडा बघ आणि परत बंद. दुसऱ्या दिवशी परत एकदा, न बघता.

हे करताना तुला वाटेल आपण पहिल्यापेक्षा मंद झालोय. त्या वाटण्याकडे दुर्लक्ष कर. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात एक उतारा काही मुलांनी परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असं कोणाला वाटत होतं? परत वाचणाऱ्यांना.

एक मात्र आहे, विषय अगदीच नवा असेल, काहीच ओळख नसेल, तर पहिल्यांदा सोडवलेलं उदाहरण निवांत बघण्यात काही गैर नाही, उलट तेच बरं. एकदोनदा. पाचव्यांदा बघतेस म्हणजे अभ्यास टाळतेयस, रागावू नकोस.

प्रश्न : आमच्या विभागाने फतवा काढलाय की कुठलाही व्हिडिओ सहा मिनिटांपेक्षा मोठा नको, मुलांचं लक्ष टिकत नाही म्हणे. माझी एक सिद्धता पंचवीस मिनिटांची आहे. तिचे पाच तुकडे केले तर धागाच तुटतो. हा सहा मिनिटांचा नियम आला कुठून?

आला तो फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांच्या 2014 च्या अभ्यासातून. त्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मवरच्या 4 कोर्सचे 862 व्हिडिओ आणि ते बघितल्याची 69 लाख सेशन्स तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, एका वेळी बघण्याचा मध्यक (म्हणजे सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा) फार तर सहा मिनिटं निघाला आणि तेव्हापासून तो प्रत्येक ट्रेनिंगमध्ये, प्रत्येक स्लाइडवर फिरतोय. मूळ पेपर किती जणांनी उघडलाय देव जाणे.

कारण त्याच पेपरमध्ये अजूनही बरंच आहे. लेक्चर आणि ट्युटोरियल मुलं वेगवेगळ्या पद्धतीने बघतात हे त्यात स्पष्ट लिहिलंय. लेक्चर एका दमात बघितलं जातं. ट्युटोरियल म्हणजे करून दाखवलेली गोष्ट, तिथे मुलं उड्या मारतात, अडलंय त्या पायरीला जातात, परत येतात. त्यामुळे पंचवीस मिनिटांच्या ट्युटोरियलमधली चार मिनिटं बघून एखादी मुलगी निघून गेली तर ती कंटाळली असेलच असं नाही, तिला हवं ते मिळालं म्हणूनही गेली असेल! डॅशबोर्डवर दोन्ही सारखंच दिसतं. किम आणि मंडळींनी त्याच व्हिडिओंवर अजून एक काम केलं, त्यातही ट्युटोरियलमधून आणि दुसऱ्यांदा बघतानाच मुलं जास्त प्रमाणात मधे सोडून जातात असं आलं. नापसंती म्हणून ते वाचणं चूक ठरेल.

दुसरं, ते व्हिडिओ बघणारी मंडळी फुकट खुल्या कोर्सची होती. कोणी सहज डोकावलेलं, कोणी नोकरीतून वेळ काढून आलेलं. तुमच्या मुलांना क्रेडिट हवंय, परीक्षा आहे. आणि एका सेशनमध्ये किती बघितलं हे मोजणं वेगळं, एकूण किती बघितलं हे वेगळं. जेवायला उठून परत आलेल्या मुलाची दोन सेशन्स होतात. लागरस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलंय.

म्हणून सिद्धता तोडू नका, तिला आतून खुणा करा. प्लॅटफॉर्मवर चॅप्टरची सोय असेल तर प्रत्येक टप्प्याला नाव द्या, नसेल तर व्हिडिओखाली वेळा लिहा, कुठल्या मिनिटाला काय सुरू होतं. मुलांच्या तक्रारी नीट वाचल्या तर "व्हिडिओ लांब आहे" याचा अर्थ बऱ्याचदा "हवं ते सापडत नाही" असा निघतो. आणि दोन टप्प्यांच्या मधे एखादा प्रश्न टाका. श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी 2013 मध्ये 21 मिनिटांचं संख्याशास्त्राचं लेक्चर चार भागांत दाखवून मधे मधे छोट्या चाचण्या घेतल्या, तर मुलांचं मन भरकटणं निम्म्यावर आलं आणि नोट्सही जास्त काढल्या गेल्या. तुकडे तिथेही होते, पण फरक पडला तो चाचण्यांनी, ज्यांना तुकड्यांच्या मधे चाचण्या नव्हत्या त्यांचं लक्ष भरकटतच होतं. हे विभागाच्या मीटिंगमध्ये सांगून बघा, फतवा मागे घेतील असं वाटत नाही, पण निदान सवलत मिळेल.

प्रश्न : दुप्पट स्पीडने व्हिडिओ बघितले तर चालतं का? घरच्यांना वाटतं मी फसवतोय.

दुप्पटपर्यंत चालतं. मर्फी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसच्या मुलांवर हे तपासलं, दीडपट आणि दुप्पट स्पीडला समजण्यात फारसा फरक पडला नाही, अडीचपटला मात्र पडला. शिवाय एकदा दुप्पट स्पीडने बघून परीक्षेच्या तोंडावर परत दुप्पटने बघणाऱ्यांना नॉर्मल स्पीडने एकदा बघणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. पण ते व्हिडिओ रोमन साम्राज्य वगैरे माहितीचे होते. समीकरण सोडवताना दुप्पट लावून हात कसा चालवणार आहेस? आणि वाचलेला वेळ कुठे जातो ते घरच्यांना दिसत असणार, वाद त्याचा असेल.

प्रश्न : आमचे एक सर व्हिडिओत दिसतच नाहीत. फक्त स्लाइड, आणि स्लाइडवर जे लिहिलंय तेच शब्दन्‌शब्द वाचतात. वर व्हिडिओ गेल्या बॅचचेच, मधेच "पुढच्या सोमवारी सबमिट करा" असं ऐकू येतं आणि तो सोमवार कधीच होऊन गेलाय. आम्ही चेहरा दिसावा अशी मागणी केली तर ते म्हणतात चेहऱ्याने काय शिकायला मिळतं. त्यांचं बरोबर आहे का?

चेहऱ्यापुरतं बऱ्यापैकी बरोबर आहे, बाकी नाही.

रेने किझिल्सेक आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये शिकवणाऱ्याचा चेहरा दिसणारा आणि न दिसणारा व्हिडिओ अशी तुलना केली. बहुतेकांना चेहरा असलेला आवडला, जास्त शिकल्यासारखंही वाटलं, पण लक्षात राहण्यात खास फरक नव्हता. तेव्हा सर कॅमेऱ्यासमोर आले म्हणून तुमचे मार्क वाढतील असं काही नाही.

पण स्लाइड वाचून दाखवणं हा वेगळाच गुन्हा आहे. रिचर्ड मेयर यांच्या मल्टिमीडियावरच्या अनेक वर्षांच्या कामात हे येतं, स्क्रीनवर आकृती असताना तोच मजकूर लिहायचाही आणि बोलायचाही असं केलं की ओझं वाढतं. तुम्ही वाचता स्वतःच्या वेगाने, सर बोलतात त्यांच्या वेगाने, आणि मधे आकृतीकडे बघायचं राहूनच जातं. गुओंच्या त्या अभ्यासात हाताने लिहीत, काढत जाणारे व्हिडिओ नुसत्या स्लाइडवाल्यांपेक्षा जास्त बघितले गेले. स्टुडिओत मोठ्या खर्चाने केलेल्यांपेक्षा शिक्षक आपल्या टेबलाशी बसून साधेपणाने बोलतोय असे व्हिडिओही सरस ठरले होते. म्हणजे सरांना मेकअप करायची गरज नाही, एक पेन पुरे.

मला विचाराल तर तुमची खरी तक्रार त्या सोमवारची आहे. माणूस दिसत नाही यापेक्षा, माणूस आत्ता तिथे आहे की नाही हेच कळत नाही, हे जास्त खुपतं. जुना व्हिडिओ वापरण्यात गैर काहीच नाही, सिद्धता काही दरवर्षी बदलत नाही. पण तारखा, सबमिशन, "गेल्या वेळी बऱ्याच जणांनी इथे चूक केली" हे सगळं व्हिडिओच्या बाहेर, दर आठवड्याच्या छोट्या संदेशात असायला हवं, साधा ऑडिओ असला तरी चालेल. मागणी करताना "चेहरा दाखवा" असं म्हणू नका, "आठवड्याला दोन मिनिटं आमच्या बॅचसाठी बोला" असं म्हणा. नाही म्हणायला अवघड जाईल त्यांना.

प्रश्न : व्हिडिओ इतके चांगले आहेत तर लाइव्ह तास बंदच का करत नाहीत? आम्हा नोकरी करणाऱ्यांना तेच सोयीचं.

सोय मान्य. आणि व्हिडिओने नुकसान होतं असंही नाही. नोएटेल आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये उच्च शिक्षणातल्या 105 अभ्यासांचा आढावा घेतला. नेहमीच्या शिकवण्याच्या जागी व्हिडिओ आणला तर थोडी सुधारणा दिसली. नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीला व्हिडिओ दिला तेव्हा सुधारणा बरीच मोठी होती. विद्यापीठं पहिलं वाक्य वाचतात आणि दुसरं विसरतात, कारण पहिल्यात खर्च वाचतो.

तुमच्यासारख्यांची अडचण वेळेची आहे, तासाची नाही. त्यामुळे बंद करा म्हणण्यापेक्षा लाइव्ह तासात लेक्चर देणं बंद करा असं म्हणा. सांगायचं ते व्हिडिओत जाऊ दे, आणि लाइव्हमध्ये फक्त शंका आणि उदाहरणं, तीही संध्याकाळी आणि रेकॉर्ड करून. व्हिडिओला मधेच हात वर करून "थांबा, हे कुठून आलं" असं विचारता येत नाही, हे तुम्हाला पहिल्या अवघड युनिटला जाणवेलच.

प्रश्न : तुम्ही मागे एका प्रश्नोत्तरात लिहिलं होतं की स्क्रीनवर मजकूर आणि आवाज दोन्ही एकत्र नको. मग मी सबटायटल काढून टाकू का? दर व्हिडिओला ती दुरुस्त करण्यात माझा खूप वेळ जातो.

अहो नका, नका. स्लाइडवरचा मजकूर कोणाला बंद करता येत नाही, सबटायटल एका बटणाने बंद होतात. ज्याला अडचण होईल तो बंद करेल. ज्याला ऐकू कमी येतं, ज्याची भाषा वेगळी आहे, जो रात्री सगळे झोपल्यावर आवाज बंद ठेवून बघतोय, त्याचं त्याशिवाय चालणारच नाही. 2015 मध्ये मॉर्टन गर्न्सबाकर यांनी शंभरहून जास्त अभ्यास एकत्र मांडून दाखवलंय की सबटायटलचा उपयोग ऐकू येणाऱ्यांनाही होतो.

वेळेबद्दल एक सुचवते. आपोआप तयार होणारी सबटायटल साधी वाक्यं बऱ्यापैकी पकडतात, गचके खातात ती विषयाच्या संज्ञांवर, नावांवर आणि आकड्यांवर. सगळी फाइल वाचत बसू नका. तुमच्या युनिटमधल्या संज्ञांची यादी करा, फाइलमध्ये त्या कशा चुकल्यात ते पहिल्या व्हिडिओत बघून घ्या आणि पुढे शोधा-बदला करत जा, कारण तेच सॉफ्टवेअर तोच शब्द बऱ्याचदा त्याच पद्धतीने चुकवतं. आकडे आणि चिन्हं मात्र डोळ्यांनी बघावीच लागतील, "उणे" गळालं की उत्तरच उलटं होतं.